आधी टेप, मग कॅल्क्युलेटर : देशोदेशीच्या छोट्या गाड्यांची तुलना कशी करावी

भाच्याने जपानमधल्या हमामात्सूहून एका शोरूमचा फोटो पाठवला. फोटोत सुझुकी फ्रॉन्क्स उभी होती आणि समोर किमतीची पाटी : २५,४१,००० येन. खाली त्याचा प्रश्न होता. "मामा, ही गाडी गुजरातेत बनते आणि बोटीने इकडे येते. आपल्याकडे साडेसात लाखांपासून मिळायची. इथे चौदा लाखांच्या वर कशी?"

प्रश्न रास्त होता, पण मला त्याचं उत्तर लगेच देता आलं नाही. रविवारी सकाळी वही घेऊन बसलो, दोन्हीकडची माहितीपत्रकं समोर ठेवली, तेव्हा गुंता सुटत गेला. पुढे बंगळूरची चुलत बहीण, न्यू जर्सीतला शेजाऱ्यांचा मुलगा, दुबईतला मित्र अशा सगळ्यांसाठी हीच वही उघडली. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने, किंवा नव्या देशात जाऊन गाडी शोधणाऱ्याने तुलना कोणत्या क्रमाने करावी, ते इथे मांडतो. क्रम महत्त्वाचा आहे. किमतीपासून सुरुवात केलीत तर हमखास फसाल.

पायरी पहिली : गाडी कोणत्या मापात बसवली आहे ते बघा

'छोटी गाडी' कशाला म्हणायचं हे त्या त्या देशाच्या करनियमात लिहिलेलं असतं आणि कंपनी गाडी त्या मापात शिवते. म्हणून माहितीपत्रक हातात आलं की आधी दोनच आकडे शोधा : लांबी किती आणि इंजिन किती सीसीचं.

आपल्याकडचं माप २००६ च्या अर्थसंकल्पातून आलं. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. या मापात बसणाऱ्या गाडीला उत्पादन शुल्क कमी लागायचं. पुढे जीएसटी आला तरी माप तेच राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि मापाबाहेरच्या गाडीला ४० टक्के. कर धरण्याआधी १० लाखांची असलेली गाडी मापात असेल तर ११ लाख ८० हजारांना पडते, मापाबाहेर गेली की १४ लाखांना. दोन लाख वीस हजारांचा हा फरक चार-पाच सेंटीमीटरवरून किंवा शे-दीडशे सीसीवरून पडू शकतो.

आता शोरूममधली माहितीपत्रकं पुन्हा चाळा. फ्रॉन्क्सची लांबी ३९९५ मिलिमीटर, ब्रेझाची ३९९५, नेक्सॉनची ३९९५. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं, पंचचं ११९९. हे आकडे योगायोगाने जुळत नाहीत. कित्येक सेडान गाड्यांच्या डिक्या मागून कापल्यासारख्या आखूड दिसतात, त्यामागेही हेच कारण आहे. ब्रेझा तर शिकण्यासाठी फारच चांगलं उदाहरण आहे. लांबी फ्रॉन्क्सइतकीच, पण इंजिन १४६२ सीसीचं पेट्रोल. लांबीत पास, सीसीत नापास, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते.

जपानचं माप आणखी घट्ट आहे. तिथे 'केई' नावाचा वर्ग आहे : लांबी ३.४ मीटरपर्यंत, रुंदी १.४८ मीटरपर्यंत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, नंबरप्लेट पिवळी. होंडाची एन-बॉक्स ३३९५ मिलिमीटर लांब आणि १४७५ रुंद आहे. आपल्या ३९९५ चीच ही जपानी बहीण म्हणा. जपानी वॅगन आरही याच मापाची. आपली वॅगन आर ३६५५ मिलिमीटर लांब, १६२० रुंद आणि १००० किंवा १२०० सीसीची. नाव एक असलं तरी या दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि त्यांच्या किमती शेजारी शेजारी लिहिण्यात काहीच अर्थ नाही. ह्युंदाईच्या आय टेनचंही तसंच. युरोपातली आय टेन ३६७० मिलिमीटरची, आपली ग्रँड आय टेन नियॉस तिच्यापेक्षा सुमारे १४ सेंटीमीटर लांब.

ही गोष्ट नवी नाही. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली, त्या गाडीत ७९६ सीसीचं इंजिन होतं. त्याच काळात जपानमध्ये तिची सख्खी बहीण असलेली आल्टो ५४३ सीसीची होती, कारण तेव्हा केई गाडीची मर्यादा ५५० सीसी होती. आपल्याकडे ती मर्यादा नव्हती, म्हणून मोठं इंजिन बसवलं.

ब्राझीलमध्ये सवलतीची रेघ अनेक वर्षं १००० सीसीवर राहिली, त्यामुळे तिथल्या स्वस्त गाड्यांची इंजिनं ९९९ सीसीच्या आसपास घुटमळतात. युरोपात मात्र अशी लांबीची रेघ नाही. तिथे कंपनीच्या सगळ्या गाड्यांमधून मिळून किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो यावर बंधन आहे, आणि जुलै २०२४ पासून नव्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी आणि वेगमर्यादेची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची आहे. छोट्या गाडीवर हा खर्च घालून नफा काढणं अवघड होतं. फोर्ड फिएस्टाचं उत्पादन जुलै २०२३ मध्ये कोलोनच्या कारखान्यात थांबलं. आता युरोपात भरपूर खपणारी स्वस्त गाडी म्हणजे डाचिया सँडेरो. ती ४ मीटर ९ सेंटीमीटर लांब आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने 'मोठी'.

भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. जपानमध्ये विकली जाणारी फ्रॉन्क्स १५०० सीसीची आहे, सौम्य हायब्रिड (म्हणजे इंजिनाला विजेच्या छोट्या मोटरची जोड), सहा गिअरची ऑटोमॅटिक. तिची रुंदी आणि सीसी केईच्या मापात बसणारच नव्हते, मग १२०० सीसीवर थांबायचं कारण काय? आपल्याकडच्या फ्रॉन्क्समध्ये १२०० सीसीचं साधं पेट्रोल किंवा १००० सीसीचं टर्बो इंजिन येतं. १५०० सीसीचं इंजिन आपल्याकडे दिलं असतं तर गाडी वरच्या करात गेली असती.

पायरी दुसरी : पाटीवरच्या किमतीत काय धरलंय, काय सोडलंय

आपल्याकडे जाहिरातीत येते ती एक्स-शोरूम किंमत. तिच्यात जीएसटी असतो, पण रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा नसतो. ८ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी घेऊ. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रोड टॅक्स. हीच गाडी दिल्लीत घेतली तर ७ टक्क्यांनी ५६ हजार. बंगळुरात १४ टक्क्यांनी १ लाख १२ हजार, आणि त्या करावर पुन्हा उपकर. देश एक, गाडी एक, पण बाजार तीन. महाराष्ट्रात डिझेलला टक्के जास्त आहेत आणि सीएनजीला कमी, तेव्हा इंधन बदललं की हा आकडाही बदलून घ्या.

दिल्लीत स्वस्त पडते म्हणून तिकडून घेऊन पुण्यात वापरू, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथली नोंदणी घ्यावी लागते. आधीच्या आरटीओची एनओसी, इथला कर, तिथल्या उरलेल्या कराचा परतावा मागत फिरणं, हे सगळं आपल्याच मागे लागतं. ज्यांची बदली खरोखर होत असते त्यांनी बीएच मालिकेच्या, म्हणजे राज्य बदललं तरी चालणाऱ्या नंबरची चौकशी करावी. केंद्र-राज्य सरकारी नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना तो मिळतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

१० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने सरकारसाठी गोळा केलेला आयकर, कापतात. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून खर्चात धरू नका. पण पैसे त्या दिवशी द्यावे लागतात, तेवढी तयारी ठेवा.

आणि कोटेशन ओळीओळीने वाचा. माझ्या पहिल्या गाडीच्या कोटेशनमध्ये विमा आणि रोड टॅक्सच्या मधोमध 'हँडलिंग चार्ज' अशी एक ओळ होती, साडेआठ हजारांची. मी ती सरकारी फी समजून भरली. तो कर नव्हता. तो डीलरने स्वतः लावलेला आकार होता, आणि "हे काय आहे?" एवढं विचारलं असतं तरी कदाचित निघाला असता. ॲक्सेसरीजचं पॅकेज, टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी या गोष्टी ऐच्छिक असतात. विमाही डीलरकडूनच घ्यायला हवा असं नाही, बाहेरचा दर काढून त्याच्यासमोर ठेवा.

ब्रिटनमध्ये 'ऑन द रोड' किंमत लिहितात. तिच्यात २० टक्के व्हॅट, गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च, नंबरप्लेट, ५५ पौंड नोंदणी आणि पहिल्या वर्षाचा वाहनकर धरलेला असतो, विमा नसतो. अमेरिकेत उलट आहे : छापील किमतीत विक्रीकर नसतोच. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, कॅलिफोर्नियात किमान ७.२५, ओरेगनमध्ये शून्य. कारखान्यापासून आणण्याचा खर्च काचेवरच्या स्टिकरवर वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो, तो मिळवायला विसरू नका. दुबईत व्हॅट ५ टक्के, त्यामुळे तिथली पाटी आपल्याला स्वस्त वाटते. तिथे जुनी गाडी बघताना ती आखाती हवामानासाठी बनवलेली आहे की अमेरिकेतून अपघातात बाद झालेली आणून दुरुस्त केलेली, हे आधी विचारा. जपानच्या पाटीवर १० टक्के उपभोग कर धरलेला असतो, नोंदणी आणि विमा वेगळे.

यावरून नियम असा धरा की दोन देशांची तुलना करताना आधी दोन्हीकडचा कर काढून टाका.

पायरी तिसरी : मॉडेल समोरासमोर आणा

फ्रॉन्क्सचा हिशेब पुढे नेतो. एप्रिल २०२३ मध्ये ती आपल्याकडे ७.४६ लाखांपासून आली, आणि टॉप मॉडेल १३ लाखांच्या थोडं वर होतं. भाचा बेस मॉडेलची किंमत धरून बसला होता. जपानमध्ये मात्र ती एकाच, भरपूर सामान असलेल्या मॉडेलमध्ये येते : ऑटोमॅटिक, रडार-कॅमेऱ्याची ब्रेक यंत्रणा, पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, गरम होणाऱ्या सीट. म्हणजे तुलना आपल्या टॉप मॉडेलशी व्हायला हवी.

जपानी किमतीतून १० टक्के कर काढला की २३,१०,००० येन उरतात. येन ५५ ते ६० पैशांच्या मध्ये धरला तर १२ लाख ७० हजार ते १३ लाख ८६ हजार रुपये. आपल्या टॉप मॉडेलवर तेव्हा २९ टक्के कर होता, २८ जीएसटी आणि १ टक्का सेस. तो काढला की साधारण १० लाख २० हजार. साडेसात विरुद्ध साडेचौदा अशी दिसणारी दरी आता अडीच ते पावणेचार लाखांवर आली. त्यात दीडपट मोठं इंजिन आणि त्याचं हायब्रिड साहित्य आहे, जास्तीची सुरक्षा यंत्रणा आहे, आणि पिपावाव बंदरातून जपानपर्यंतचा बोटीचा प्रवास आहे. भाच्याला हे पाठवलं, तेव्हा त्याचं समाधान झालं.

रुपयांत रूपांतर करताना एक काळजी घ्या. विनिमय दर वर्षभरात पाच-सहा टक्के सहज हलतो. दोन्ही किमती एकाच महिन्यातल्या घ्या. आणि तुम्ही परदेशात पगार घेत असाल तर रुपये विसराच, गाडी किती महिन्यांच्या पगाराची आहे ते काढा. तोच आकडा तुमच्या उपयोगाचा.

पायरी चौथी : इंजिन

ताकद कुठे पीएसमध्ये लिहितात, कुठे बीएचपीत, कुठे किलोवॉटमध्ये. किलोवॉटला १.३६ ने गुणलं की पीएस मिळतात. आपली २०२४ ची स्विफ्ट ६० किलोवॉटची, म्हणजे ८२ पीएसच्या जवळ. ब्रिटनमधल्या स्विफ्टची ताकदही तेवढीच, कारण मूळ इंजिन तेच आहे, तीन सिलिंडरचं, १२०० सीसीचं. फक्त तिकडे जोडीला १२ व्होल्टची छोटी हायब्रिड मोटर आहे. मोटर पळायला फारशी मदत करत नाही, पण सिग्नलवर बंद झालेलं इंजिन हळुवार चालू करते आणि थोडं इंधन वाचवते. एवढ्यासाठी हायब्रिड हे नाव बघून हुरळून जाऊ नका, ती मोटर चाकं एकटीने ओढते का, हे विचारा.

नवीन माणूस सीसी बघतो आणि गिअरबॉक्स विसरतो. आपल्या स्विफ्टमध्ये ऑटोमॅटिक म्हणून एएमटी मिळते, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. ती स्वस्त, ॲव्हरेजला चांगली, पण गिअर बदलताना डोकं किंचित पुढे हलतं. जपानमध्ये तीच गाडी सीव्हीटीवर, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या गिअरबॉक्सवर चालते, तिथे हा झटका नाही. दोन्ही 'ऑटोमॅटिक' एका रांगेत धरू नका. टेस्ट ड्राइव्ह चढावर घ्या, एसी लावून, गाडीत चार माणसं बसवून. मी सिंहगड रस्त्यावर अशीच एक १००० सीसीची गाडी चालवून पाहिली होती. सपाटीवर ती छान पळत होती, पण गडाच्या दुसऱ्या वळणावर पहिल्या गिअरवर यावं लागलं. माहितीपत्रकात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे १००० सीसीवर आणखी एक रेघ आहे. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत तो ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये, वर कर. ९९८ सीसीचं टर्बो इंजिन १२०० सीसीच्या साध्या इंजिनापेक्षा ताकदवान असूनही इथे स्वस्त पडतं.

सीएनजी हा पर्याय जपानमध्ये किंवा ब्रिटनमध्ये छोट्या गाडीत तुम्हाला दिसणार नाही, आपल्याकडे मात्र रांगा लागतात. सीएनजीवर ताकद कमी होते, स्विफ्टची ८२ वरून सुमारे ७० पीएसवर येते. आणि सिलिंडर डिकीत बसतो. गावी जाताना आंब्याच्या पेट्या कुठे ठेवायच्या, हे शोरूममध्ये डिकी उघडूनच ठरवा. छोटं डिझेल मात्र आता जवळपास संपलं. धुराचे बीएस सहा निकष आले आणि धूर स्वच्छ करणारं यंत्र छोट्या गाडीच्या किमतीत बसेना. मारुतीने तर एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंदच केलं.

पायरी पाचवी : ॲव्हरेजची भाषा

आपण लिटरमागे किलोमीटर मोजतो, युरोप १०० किलोमीटरला किती लिटर ते मोजतो. १०० ला त्या आकड्याने भागा. ब्रिटिश स्विफ्टचा आकडा १०० किलोमीटरला ४.४ लिटर, म्हणजे २२.७ किलोमीटर प्रतिलिटर. ब्रिटिश मैल प्रति गॅलनला ०.३५४ ने गुणा, अमेरिकनला ०.४२५ ने. दोघांचे गॅलन वेगळे आहेत, ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा आणि अमेरिकन पावणेचारचा.

आता गंमत बघा. आपल्या मॅन्युअल स्विफ्टचा जाहीर आकडा २४.८, आणि तिला हायब्रिड मोटर नाही. मोटर असलेली ब्रिटिश स्विफ्ट २२.७. आपल्या गाडीचं इंजिन जास्त हुशार आहे असं नाही. चाचणी वेगळी आहे. आपली भारतीय चाचणी सौम्य वेगाची आहे, युरोपची जास्त वेगाची आणि जास्त वेळाची. म्हणून दोन देशांचे ॲव्हरेज आकडे थेट ताडू नका. एकाच देशातल्या दोन गाड्या ताडायला ते चालतील.

पायरी सहावी : स्टार

सुरक्षेचे स्टारही देशागणिक वेगळ्या चाचण्यांवर मिळतात. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळवून बघणारी आपली चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. युरो एनकॅपमध्ये आपोआप ब्रेक लावण्यासारख्या यंत्रणांना बरेच गुण असतात, आणि तिथे २०२४ ची स्विफ्ट तीन स्टारवर थांबली. तिकडचा स्टार बघून इकडची गाडी घेऊ नका, आणि इकडचा बघून तिकडची. त्या देशात विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा निकाल शोधा. एअरबॅग मोजल्यावर मागच्या मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, तेही बघा. घरात आजी-आजोबा असतील तर तिथे बसणारं कोणीतरी असतंच.

पायरी सातवी : घेतल्यानंतरचं

महाराष्ट्रात रोड टॅक्स एकदाच भरून मोकळं होता येतं. जपानमध्ये दरवर्षी भरावा लागतो : नव्या केई गाडीला १०,८०० येन, १००० ते १५०० सीसीच्या साध्या गाडीला ३०,५०० येन. केईला द्रुतगती महामार्गाचा टोलही कमी. नव्या गाडीची सरकारी तपासणी, म्हणजे शाकेन, पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी, आणि ती खर्चिक असते. शिवाय बहुतेक शहरांत केई नसलेली गाडी नोंदवण्याआधी घरापासून २ किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्याला खरा धक्का विम्याचा बसतो. तिथे विम्याच्या जोखमीनुसार गाड्यांची वर्गवारी केलेली असते. गाडी आवडण्याआधी ती कुठे बसते ते बघा, आणि ऑनलाइन विम्याचा दर काढल्याशिवाय बयाणा देऊ नका.

परदेशातून परतताना स्वस्त जुनी गाडी सोबत आणावी, हा विचार मात्र सोडून द्या. तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडे लागतं, आणि आयात शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होतं.

भाच्याने शेवटी फ्रॉन्क्स घेतली नाही. त्याने घराखालची पार्किंगची जागा टेपने मोजली. फ्रॉन्क्स १७६५ मिलिमीटर रुंद. ती उभी राहिली असती, पण खांबाच्या बाजूचं दार अर्धंच उघडलं असतं, आणि त्याची मुलगी दोन वर्षांची आहे, तिला मागच्या सीटवर बसवायचं तर दार पूर्ण उघडायला हवं. त्याने पिवळ्या नंबरप्लेटची जुनी वॅगन आर घेतली, १४७५ मिलिमीटर रुंद. दोन गाड्यांमध्ये अडला होता, तेव्हा शाकेनची मुदत दीड वर्ष शिल्लक असलेली निवडली. दुसरी ७० हजार येनने स्वस्त होती, पण तिची तपासणी पुढच्याच महिन्यात होती.